पोटरीतला गोळा आणि कोयनेलची गोळी

साठी ओलांडलेल्या माणसांमध्ये सर्रास आढळणारी, पण पाठ्यपुस्तकांत क्वचितच उल्लेख असणारी एक तक्रार आहे. रात्री झोपेत पोटरीचा किंवा तळपायाचा स्नायू एकाएकी आखडतो, दगडासारखा घट्ट होतो आणि वेदनेने माणूस जागा होतो. कोणी म्हणते गोळा आला, कोणी म्हणते पेटका आला, कोणी म्हणते वांब आला. काही सेकंदांत किंवा काही मिनिटांत स्नायू सैल पडतो. पोटरी मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत ठणकत राहते. १९९४ साली ब्रिटनमध्ये साठीच्या पुढच्या २३३ लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. मागच्या दोन महिन्यांत पेटके आल्याचे त्यांतील जवळजवळ एक तृतीयांश लोकांनी सांगितले. ऐंशीच्या पुढच्या लोकांत हे प्रमाण निम्मे होते.

या दुखण्याने कोणी दगावत नाही. तरीही त्याचा इतिहास वाचण्यासारखा आहे. या निरुपद्रवी तक्रारीवर सुमारे अर्धशतक एक औषध मोठ्या प्रमाणावर दिले गेले, आणि त्या औषधाने मात्र काही माणसे दगावली. ते औषध म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला हिवतापामुळे चांगले ठाऊक असलेले कोयनेल, अर्थात क्विनाईन. हिवतापाचे औषध पोटरीपर्यंत कसे आले, तिथे इतकी वर्षे कसे टिकले आणि शेवटी मागे का घ्यावे लागले, हे आपण या लेखात पाहू. ‘औषधाने गुण आला’ या तीन शब्दांच्या वाक्यात किती गोष्टी दडलेल्या असतात, ते त्यातून ध्यानात येईल.

हिवतापापासून स्नायूपर्यंत

सिंकोना हे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतले झाड. त्याच्या सालीने ताप उतरतो हे सतराव्या शतकात युरोपात पोचले. १८२० साली पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हाँतू या दोन रसायनशास्त्रज्ञांनी त्या सालीतून क्विनाईन वेगळे काढले. त्यामुळे सालीची पूड मोजण्याऐवजी शुद्ध द्रव्याची मात्रा मोजता येऊ लागली. १८६० नंतर क्लेमंट्स मार्कहॅम यांच्या खटपटीने सिंकोनाची रोपे भारतात आली. निलगिरीत आणि दार्जिलिंगजवळ मुंगपू येथे सरकारी मळे उभे राहिले. बंगालमध्ये तर टपाल कचेऱ्यांतून क्विनाईनच्या पुड्या विकल्या जात. ‘कोयनेलसारखे कडू’ ही उपमा त्या काळची आहे.

हिवतापात क्विनाईन रक्तातल्या परजीवीला मारते. पेटक्यात परजीवी कुठून येणार? तेव्हा इथला धागा वेगळा आहे. क्विनाईनचा स्नायूंवरही परिणाम होतो. १९३० च्या दशकात मायोटोनिया नावाच्या एका दुर्मिळ विकाराकडे डॉक्टरांचे लक्ष गेले. या विकारात एकदा आवळलेली मूठ पटकन उघडत नाही, कारण स्नायू सैल पडायला वेळ लागतो. १९३६ साली वुल्फ यांनी या रुग्णांना क्विनाईनचा उपयोग होतो असे नोंदवले. १९३९ साली हार्वे यांनी क्विनाईनची स्नायूंवरील क्रिया प्रयोगशाळेत तपासली. एकदा आकुंचन पावलेला स्नायू पुन्हा उद्दीपित होण्यापूर्वी जो विश्रांतीचा क्षण असतो, तो क्विनाईनमुळे लांबतो. शिवाय चेतातंतू जिथे स्नायूला भिडतो, तिथली संवेदनक्षमताही कमी होते.

पेटक्यात काय घडते, तेही याच सुमारास उलगडू लागले. स्नायूत बारीक सुई घालून त्यातील विद्युत हालचाल टिपता येते. पेटक्याच्या वेळी घेतलेल्या नोंदींत चेतापेशींकडून स्नायूकडे संदेशांचा अतिशय वेगवान मारा चाललेला दिसतो. म्हणजे दोष स्नायूत कमी आणि त्याला हुकूम देणाऱ्या चेतातंतूत जास्त. अंथरुणात आपली पावले सहसा खाली झुकलेली असतात, त्यामुळे पोटरीचा स्नायू आधीच आखूड झालेला असतो. अशा आखूड स्नायूला आणखी आकुंचनाचा हुकूम मिळाला की गोळा येतो. पाऊल वर ओढून पोटरी ताणली की तो सुटतो, याचे कारणही हेच.

१९४० साली मॉस आणि हेरमान या अमेरिकी डॉक्टरांनी रात्रीच्या पेटक्यांवर क्विनाईन उपयोगी पडते, असे तेथील वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात जाहीर केले. तर्क सरळ होता. स्नायूची उत्तेजना कमी करणारे औषध हाताशी आहे आणि पेटका म्हणजे अति उत्तेजना. मग झोपताना एक गोळी द्यायला काय हरकत आहे? हिवतापात दिवसाला अठराशे मिलिग्रॅम क्विनाईन देत, इथे रात्री दोनशे-तीनशे मिलिग्रॅमच द्यायचे. रुग्ण परत येऊन ‘बरे वाटले’ असे सांगत. अमेरिकेत हे औषध पुढे चिठ्ठीशिवाय दुकानात मिळू लागले. ब्रिटनमध्ये डॉक्टर ते सर्रास लिहून देऊ लागले.

एक फासा, एक लिमलेटची गोळी

रुग्ण खोटे बोलत नव्हते आणि डॉक्टरही फसवत नव्हते. मग चूक होण्याची शक्यता कुठे होती? त्यासाठी वर्गात एक सोपा प्रयोग करून पाहा.

तीस विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एक फासा टाकावा. पडलेला आकडा म्हणजे त्या ‘रुग्णाला’ या आठवड्यात आलेल्या पेटक्यांची संख्या. माणूस डॉक्टरकडे कधी जातो? त्रास वाढला की. म्हणून ज्यांना ५ किंवा ६ पडले असतील, त्यांनाच ‘दवाखान्यात’ बोलवा. असे साधारण दहा जण निघतील आणि त्यांची सरासरी साडेपाचच्या आसपास असेल. प्रत्येकाला औषध म्हणून लिमलेटची एक गोळी द्या आणि फासा पुन्हा टाकायला सांगा. नवी सरासरी साडेतीनच्या जवळ येईल. पेटके एक तृतीयांशाहून अधिक कमी झाले! एखाद-दुसऱ्याला तर सहावरून एक पडेल आणि तो विद्यार्थी आपल्या डॉक्टरची कीर्ती शाळाभर सांगत फिरेल.

लिमलेटच्या गोळीने काहीच केलेले नाही. त्रास सर्वांत जास्त असताना आपण मोजणी सुरू केली, एवढेच. आपोआप चढउतार होणाऱ्या कोणत्याही दुखण्यात असे घडते, आणि पेटके तर फार लहरी असतात. काही आठवडे रोज येतात, मग महिनाभर येतच नाहीत. कॅनडातील संशोधकांनी २०१५ साली दाखवले, की ते थंडीपेक्षा उन्हाळ्यात बरेच जास्त येतात. उन्हाळ्याच्या भरात औषध सुरू केले आणि थंडीत गुण आला, तर श्रेय कोणाचे?

आता प्रयोगाचा दुसरा भाग करू. त्या दहा जणांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. एका गटाला लिमलेटची गोळी द्या, दुसऱ्याला देऊ नका. सरासरी दोन्ही गटांत उतरेल. गोळीचा खरा परिणाम म्हणजे दोन गटांमधला फरक; आधी आणि नंतर यांतला फरक नव्हे. प्रत्यक्ष चाचणीत दुसऱ्या गटालाही हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी देतात. तिला प्लासिबो म्हणतात. कोणाला कोणती गोळी मिळाली हे रुग्णालाही कळू देत नाहीत आणि मोजणाऱ्यालाही. या खबरदारीने केलेल्या मोजणीवरच आम्ही संशोधक विश्वास ठेवतो. आपली इच्छा आपल्या मोजणीत डोकावते, हा सर्वांचाच अनुभव आहे.

दोन गठ्ठे

क्विनाईनच्या अशा चाचण्या झाल्या, पण छोट्या-छोट्या आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या. १९९५ च्या जानेवारीत कॅनडातील मॅन-सन-हिंग आणि वेल्स यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सहा चाचण्यांचे एकत्रित गणित मांडले. सहांत मिळून रुग्ण होते फक्त १०७. प्रत्येकाला काही आठवडे क्विनाईन आणि काही आठवडे प्लासिबो आलटून पालटून दिले होते. निष्कर्ष असा, की चार आठवड्यांत प्लासिबोपेक्षा क्विनाईनने सरासरी ८.८३ पेटके कमी येतात. औषधाच्या बाजूने हा चांगला भक्कम पुरावा वाटतो.

आता गंमत पाहा. त्याच्या काही महिने आधी, ऑगस्ट १९९४ मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नेमका उलटा निर्णय घेतला होता. पेटक्यांसाठी क्विनाईन चिठ्ठीशिवाय विकता येणार नाही, कारण उपयोगाचा पुरावा पुरेसा नाही आणि धोका मात्र आहे. बंदीचा अंमल १९९५ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. एकच औषध, एकच तक्रार, जवळजवळ एकच काळ, आणि निष्कर्ष दोन. असे का व्हावे?

याचे एक मोठे कारण असे, की दोघांच्या टेबलावरचे कागदांचे गठ्ठे वेगळे होते. कॅनडाच्या संशोधकांनी छापून आलेल्या चाचण्या गोळा केल्या होत्या. अमेरिकी प्रशासनाकडे कंपन्यांनी केलेल्या, पण कधीच न छापलेल्या चाचण्यांचीही कागदपत्रे होती. मॅन-सन-हिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग एक मोठे काम केले. त्या न छापलेल्या चाचण्यांची आकडेवारी मिळवून १९९८ साली त्यांनी आपले गणित पुन्हा मांडले. या वेळी आठ चाचण्या होत्या, त्यांतील चार अप्रकाशित, आणि रुग्ण ६५९. क्विनाईनचा फायदा ८.८३ वरून ३.६० पेटक्यांवर आला. म्हणजे चार आठवड्यांत येणाऱ्या पेटक्यांपैकी जेमतेम एक पंचमांश कमी.

यात कोणी आकडे बदलले नव्हते. ज्या चाचणीत औषध चमकते ती उत्साहाने लिहिली जाते, छापली जाते, वाचली जाते. जिच्यात विशेष काही आढळत नाही ती कपाटात पडून राहते. छापलेले प्रत्येक पान खरे असते, पण सगळी पाने मिळून दिसणारे चित्र खोटे ठरते. परीक्षेत फक्त पास झालेल्यांचेच गुण फळ्यावर लावले, तर वर्गाची सरासरी कशी दिसेल, तसाच हा प्रकार आहे. पुढे जगभर चाचण्यांची आगाऊ नोंदणी करण्याची पद्धत सुरू झाली, ती याच दोषावरचा उपाय म्हणून. चाचणी सुरू होण्यापूर्वी तिची नोंद जाहीर असली, की निकाल न छापलेली चाचणी निदान लक्षात तरी येते.

क्विनाईन अगदीच निरुपयोगी होते असे मात्र नाही. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने २३ चाचण्या आणि १५८६ रुग्ण यांचा आढावा घेतला. त्यात पेटक्यांची संख्या दोन आठवड्यांत २८ टक्क्यांनी आणि तीव्रता १० टक्क्यांनी कमी झालेली दिसली. पेटका किती वेळ टिकतो, यात फरक पडला नाही. थोडक्यात, उपयोग आहे, पण माफक. आता प्रश्न उरतो तो किमतीचा.

तराजूचे दुसरे पारडे

क्विनाईन काही माणसांच्या अंगावर विचित्र रीतीने उलटते. १८६५ साली व्हायपन नावाच्या डॉक्टरांनी लॅन्सेट या नियतकालिकात क्विनाईन घेतल्यावर त्वचेखाली रक्तस्राव होऊन जांभळे डाग उठतात, अशी नोंद केली होती. त्यामागचे कारण नंतर कळले. रक्त गोठवण्यासाठी रक्तबिंबिका लागतात. काही व्यक्तींच्या शरीरात अशी प्रतिद्रव्ये तयार होतात, की ती क्विनाईनच्या उपस्थितीतच रक्तबिंबिकांना चिकटतात आणि त्यांचा नाश घडवतात. अशा व्यक्तीला छोटीशी मात्राही पुरते. टॉनिक वॉटर नावाच्या कडसर पेयातील क्विनाईनमुळेही असे घडल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. शिवाय मूत्रपिंडांना इजा, हृदयाचे ठोके अनियमित होणे, कान वाजणे, दृष्टीवर परिणाम हे धोके आहेतच.

असे प्रकार क्वचित घडतात. एखाद्या डॉक्टरने शंभर जणांना गोळी दिली तर बहुधा एकालाही काही होणार नाही, आणि त्याचा अनुभव त्याला सांगेल की औषध निर्धोक आहे. दुर्मिळ धोका एका दवाखान्यातून दिसत नाही. त्यासाठी देशभरच्या नोंदी एकत्र कराव्या लागतात. अमेरिकी प्रशासनाने २००६ च्या डिसेंबरात अशा नोंदी जाहीर केल्या. १९६९ पासून क्विनाईनशी संबंधित ६६५ गंभीर घटनांची नोंद झाली होती आणि त्यांत ९३ मृत्यू होते. त्या वेळी मंजुरी नसलेली सर्व क्विनाईन उत्पादने बंद करण्याचा आदेश निघाला. हिवतापासाठी मंजूर झालेले एकच उत्पादन राहिले. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनीही २०१० साली सांगितले, की पेटक्यांवर क्विनाईन नेहमीचा उपाय म्हणून देऊ नये.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. क्विनाईनने हिवतापात असंख्य जीव वाचवले. तिथे दुसऱ्या पारड्यात मृत्यू होता, म्हणून धोका पत्करणे शहाणपणाचे होते. पेटक्याच्या बाबतीत दुसऱ्या पारड्यात महिन्यातल्या तीन-चार मोडलेल्या झोपा होत्या. औषध तेच, धोकाही तोच. बदलला तो तराजू. औषध चांगले की वाईट, असा सुटा प्रश्न म्हणूनच विचारता येत नाही.

मग उपाय काय?

१९७९ साली अमेरिकेतील डॅनिएल या डॉक्टरांनी एक बिनखर्चाचा उपाय सुचवला. भिंतीपासून दोन-तीन फुटांवर उभे राहायचे, टाचा जमिनीवरून न उचलता हात भिंतीला टेकवून पुढे झुकायचे आणि पोटऱ्या ताणायच्या. त्यांचे सर्व ४४ रुग्ण बरे झाले! पण फाशाचा प्रयोग केलेला विद्यार्थी लगेच विचारील, ‘तुलनेचा गट कुठे होता?’ तो नव्हता. २००५ साली ब्रिटनमध्ये क्विनाईन घेणाऱ्या १९१ रुग्णांवर तुलनेसह चाचणी झाली. एका गटाला पोटरी ताणण्याचा व्यायाम, दुसऱ्याला तसाच वाटणारा पण पोटरी न ताणणारा व्यायाम. दोघांत फरक आढळला नाही. याच चाचणीत काहींना क्विनाईन थांबवण्याचा सल्ला दिला होता. त्यांच्या पेटक्यांतही लक्षणीय वाढ झाली नाही. उलट २०१२ साली नेदरलँड्समध्ये पंचावन्नच्या पुढच्या ८० जणांवर झालेल्या चाचणीत, झोपण्यापूर्वी सहा आठवडे स्नायू ताणणाऱ्यांचे पेटके कमी झाले. पण तिथे तुलनेच्या गटाला खोटा व्यायाम दिलेला नव्हता. म्हणजे हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. मात्र व्यायामाला खर्च नाही आणि जपून केला तर धोकाही फारसा नाही, तेव्हा करून पाहायला हरकत नाही.

मॅग्नेशियमच्या गोळ्या पेटक्यांवर फार खपतात. २०१७ साली इस्रायलमध्ये ९४ जणांवर चाचणी झाली. मॅग्नेशियम घेणाऱ्यांचे पेटके आठवड्याला सुमारे तीनने कमी झाले. प्लासिबो घेणाऱ्यांचेही सुमारे तीननेच कमी झाले! आपला फासा इथे पुन्हा भेटतो. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यानेही वृद्धांच्या पेटक्यांवर मॅग्नेशियमचा जाणवण्याजोगा उपयोग होण्याची शक्यता कमीच असल्याचे म्हटले. २०२४ साली चीनमध्ये ‘के-२’ जीवनसत्त्वाची चाचणी झाली. पासष्टीपुढच्या १९९ जणांत ते घेणाऱ्यांना आठवड्याला सरासरी एक पेटका आला, तर प्लासिबो घेणाऱ्यांना साडेतीनहून अधिक. आकडे आशादायक आहेत. पण क्विनाईनची कथा माहीत असलेल्या वाचकाने दुसऱ्या ठिकाणच्या चाचण्यांची वाट पाहावी. रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन घेणाऱ्यांनी तर ‘के’ जीवनसत्त्वाच्या वाटेला आपणहून मुळीच जाऊ नये, कारण ते या औषधाच्या विरुद्ध काम करते.

घरातील वडीलधाऱ्यांना सांगण्यासारखे तरीही बरेच आहे. गोळा आला की पाऊल हाताने गुडघ्याकडे ओढावे, किंवा आधार धरून उभे राहून टाच जमिनीला टेकवावी. अंधारात घाईने उठू नये, कारण पेटक्याने होत नाही ती इजा पडण्याने होते. लघवी वाढवणारी काही औषधे आणि दम्याची काही दीर्घकाळ काम करणारी फवाऱ्याची औषधे सुरू झाल्यावर पेटके वाढल्याचे २०१२ च्या एका अभ्यासात दिसले आहे. अशी शंका आली तर औषध स्वतःच्या मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारावे. चालताना पोटरी दुखून थांबावे लागते आणि थांबले की बरे वाटते, एकच पाय सुजला आहे, किंवा पायातील शक्ती कमी झाली आहे, तर तो साधा पेटका समजून घरी बसू नये. तपासून घ्यावे.

फाशाचा प्रयोग मात्र वर्गात जरूर करा. त्यानंतर विद्यार्थ्यांना घरी ऐकलेली ‘हमखास गुण येणारी’ औषधे वहीत लिहून आणायला सांगा आणि प्रत्येकापुढे तीन प्रश्न लिहायला लावा. तुलना कशाशी केली? ज्यांना गुण आला नाही त्यांची नोंद कुठे आहे? आणि औषध उलटले, तर दुसऱ्या पारड्यात काय होते?